खो-खोच्या मैदानावरचं गवत

आमचं मैदान नांगरलं गेलं त्या सकाळी सर तिथे हजर होते. निषेध करायला नव्हे. ट्रॅक्टरवाला फाळ वरवर ओढतोय म्हणून त्याच्यावर ओरडायला.

"अबे, जमिनीची खाज मिटवून राहिला का? दाब खाली! वीतभर तरी जाऊ दे!"

फाटकाबाहेर खो-खोच्या मुली उभ्या होत्या. ज्या जमिनीवर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ती त्यांच्या डोळ्यांसमोर उलटीपालटी होत होती, आणि जो माणूस एका शब्दात ते थांबवू शकला असता तो अजून खोल, अजून खोल म्हणत होता. त्या दिवशी मी सरांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या व्यायामशाळेच्या अध्यक्षांनाही दिल्या नाहीत. अध्यक्षांकडून मला कधी काही अपेक्षाच नव्हती.

सर कृषी महाविद्यालयात मातीचं शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मला त्यांनी कधी शिकवलं नाही, पण पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळेच त्यांना सर म्हणत, भाजीवालासुद्धा. आमच्या पाऱ्यातली निम्मी मराठी घरं भोसल्यांच्या काळात रायपूरला आलेली, त्यातलंच त्यांचं एक. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सायकलच्या चाकाची एक तार आणि पँटच्या खिशात लिंबू. तार जमिनीत खुपसायची, किती खोल जाते ते बघायचं. लिंबू मातीवर पिळायचं, फेस आला की समजायचं, चुना आहे. लग्नाला गेले तरी ते आधी मांडवातला गालिचा उचलून खाली काय आहे ते बघत. वधूवरांवर अक्षता नंतर.

कोणाच्याही घरी गेले की ते माणसांच्या आधी कुंड्यांना भेटत. माझ्या आईच्या गुलाबासमोर उभे राहून एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही मारून राहिले याले."

"अहो, रोज पाणी घालते मी."

"म्हणूनच म्हटलं."

शेजारचे एक आजोबा वारले तेव्हा सर भेटायला गेले. तासभर बसले. उठताना त्यांच्या मुलाला म्हणाले, "बाबा गेल्यापासून कुंड्यांले पाणी दिलं नाही कोणी." मुलगा संतापला. पारा कितीतरी दिवस त्यावर बोलत होता. मला मात्र ते आवडलं होतं. त्या घरात रडणारे पुष्कळ होते. म्हाताऱ्याच्या हाताखालचं काय सुकलं ते एकट्या सरांनी बघितलं होतं.

गवत का उगवत नाही हे विचारायला लोक त्यांच्याकडे लांबून येत. नवा रायपूरमध्ये बंगले बांधणारे साहेब गाडी पाठवत. सर प्रत्येकाला एकच सांगत, "डाग पाहू नका. डागाचा काठ पाहा." काठ वाकडातिकडा असेल तर किडा, बुरशी, मुंग्यांनी ओढून नेलेलं बी. काठ सरळ असेल तर माणसाचं काम. एका साहेबांच्या लॉनमधला चौकोनी डाग बघून त्यांनी तार खुपसली आणि सांगितलं, "तुमच्या ठेकेदारानं इथं सिमेंट कालवलं होतं अन् वर माती लोटून दिली." साहेब म्हणाले, ठेकेदार माझा मेहुणा आहे. सर म्हणाले, "मग मेहुण्यानं लोटून दिली."

माझं आणि त्यांचं पटायचं नाही, आणि तरी मी त्यांच्याकडे जायची. आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा युनियनचं काम करत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. पुढे मीही पत्रकं लिहू लागले: वस्ती उठवण्याविरुद्ध, बसभाड्याविरुद्ध, तलावाच्या काठावरची झाडं तोडण्याविरुद्ध. प्रत्येक पत्रक मी सरांना द्यायची आणि प्रत्येक पत्रक ते लाल पेनानं रंगवून परत करायचे.

"'जनतेत प्रचंड संताप.' प्रचंड म्हणजे किती?"

"सर, ते मोजायचं नसते."

"मग कशाले लिहिलं?"

"लोक पेटावे म्हणून."

"लोक काय पालापाचोळा हाय का?"

असा माणूस. याच्याशी भांडायला मजा यायची, जोवर भांडण कागदावर होतं तोवर.

मैदान व्यायामशाळेचं. मुरमाचं, मधे खो-खोचे दोन खांब. माझ्या आधीच्या मुली तिथे खेळल्या, मी खेळले, आता रेवती आणि तिच्या मैत्रिणी खेळत होत्या. घरी मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायचं, अशी ही पिढी. पण "खो" मात्र सगळ्या एकाच भाषेत देत. पाऱ्यातल्या बऱ्याच आयांनी मुलींना संध्याकाळी घराबाहेर सोडायची तेवढी एकच जागा होती. तिथे भिंत होती, फाटक होतं, ओळखीची माणसं होती. मुलीनं मनसोक्त धावावं, पडावं, ओरडावं आणि तिला कोणी काही बोलू नये, अशी दुसरी जागा आमच्याकडे नव्हती. आजही नाही.

तेलीबांध्यापासून पुढे नवा रायपूरच्या रस्त्यावर एकामागून एक मॅरेज लॉन उघडले, तेव्हा आमच्या कार्यकारिणीलाही स्वप्नं पडू लागली. हॉलला गळती आहे, उत्पन्न पाहिजे, मैदान नुसतं पडून आहे. नुसतं पडून आहे! रोज संध्याकाळी तिथे डझनावारी मुली धावत होत्या, आणि बैठकीच्या इतिवृत्तात ते मैदान "पडून" होतं. मुलींना सांगितलं, थोडे दिवस थांबा, गवत लावतोय, तुमच्याच पायांना मऊ लागेल. खांब उपटले. मातीचा एक पातळ थर पसरला, बी फेकलं, फवारे लावले.

गवत उगवलं, पण सगळीकडे नाही. मधोमध एक लांब पट्टा उघडा राहिला. त्या पट्ट्याला आडव्या छेदणाऱ्या रेघा पिवळ्या. दोन्ही टोकांना ताटाएवढं टक्कल. पुन्हा बी टाकलं, पुन्हा तेच. माळ्याला बदललं, बियाण्याच्या दुकानदाराशी भांडण केलं. कार्यकारिणीतल्या एकानं तर सुचवलं की कोणीतरी करणी केली असावी. त्यांच्यापैकी एकालाही कळलं नाही, कारण त्यांच्यापैकी एकानंही कधी मुलींना खेळताना बघितलं नव्हतं. फाटकाशी उभ्या असलेल्या रेवतीला एका नजरेत कळलं.

"अरे, ये तो अपना कोर्ट है!" ती ओरडली. "वो देख, उधर मैं बैठती थी!"

गवतानं खो-खोचं अंगण जसंच्या तसं काढलं होतं. मधली पाटी, आडव्या पाट्या, खांबांभोवती मुली गिरकी घेत ती दोन वर्तुळं. इतकं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. जमीन नाही म्हणत होती. पत्रक न लिहिता, घोषणा न देता सरळ नाही म्हणत होती.

मग अध्यक्षांनी सरांना बोलावलं.

मी आधीच त्यांच्या घरी पोचले. "सर, तुम्ही फक्त एवढंच सांगा की इथं गवत येऊ शकत नाही. तुमच्या शब्दापुढे कोणी बोलणार नाही. खांब परत लावतील."

"येऊ शकते ना पण."

"सर, पोरींचं मैदान आहे ते."

"मले माहीत हाय कोणाचं हाय ते. तू मले खोटं बोलाले सांगून राहिली."

"एकदा बोला! जन्मात एकदा!"

ते चप्पल घालून निघाले. मी मागोमाग.

कार्यकारिणी सावलीत उभी होती. सर उन्हात गुडघ्यांवर बसले. मधल्या पट्ट्यात तार खुपसली. ती बोटभर गेली आणि वाकली. पिवळ्या रेघेवर लिंबू पिळलं, फेस आला. त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद की मला ते लिंबू त्यांच्याच डोळ्यांत पिळावंसं वाटलं.

"पोरी बसून-उठून, धावून-धावून जमीन फरशीसारखी झाली हाय," ते म्हणाले. "अन् या रेघा चुन्याच्या. वर्षानुवर्षं एकाच जागी आखल्या. तुमचा मातीचा थर पापडाएवढा. मुळं खाली जातील कुठून? खोल नांगरा. रेघांची माती काढून फेका. शेणखत घाला. मग बी टाका. येते गवत."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"आता पुढचं ऐका," सर म्हणाले. "गवत आल्यावर त्याच्यावर मांडव टाकसान तर पुन्हा हेच होईन. मुली पायानं दाबतात, तुम्ही खुर्च्यांनी दाबसान. लग्नाच्या लॉनवर..."

"सर, पोहे थंड होऊन राहिले," अध्यक्ष म्हणाले. सगळी मंडळी हॉलकडे वळली. सर गुडघ्यांवर बसून पुढचं सगळं सांगत राहिले, आणि ऐकायला उरले मी आणि फाटकाबाहेरच्या मुली.

"सर, फिर हम खेलें कहाँ?" रेवतीनं विचारलं.

सर वाकलेली तार सरळ करू लागले. मातीबद्दल विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे. हा प्रश्न मातीबद्दलचा होता असं मला वाटतं. त्यांना बहुधा तसं वाटलं नाही.

नांगरणीच्या सकाळनंतर मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. रस्त्यात दिसले की बाजू बदलायची. लोक म्हणत, म्हातारा प्रामाणिक आहे हो. मला त्या प्रामाणिकपणाचा राग येत होता आणि आजही येतो. मागेल त्याला सरळ सांगायचं आणि हात झटकून घरी जायचं! पण मागणारे कोण असतात? ज्यांच्याकडे फाटकाची किल्ली असते ते. रेवती त्यांना बोलवायला गाडी पाठवू शकत नव्हती.

पावसाळ्यात गवत दाट आलं. तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. मैदान सजलं, बुक झालं, पुन्हा सजलं. मुलींना "थोडे दिवस" म्हटलं होतं. ते संपलेच नाहीत. मग त्यांनी आपला मार्ग काढला. रविवारी सकाळी, मांडव नसेल तेव्हा, त्या आत शिरत आणि कोपऱ्यातल्या दिव्याच्या खांबाला खो-खोचा खांब मानून खेळत. चौकीदार भला होता, तो तेवढ्यापुरता चहाला जाई.

आणि हिवाळा संपायच्या आत गवत पुन्हा जागोजागी गेलं.

या वेळी अध्यक्षांनी सरांना थेट सभेत बोलावलं, सभासदांसमोर, माइकवर. सरांनी आधी मैदान फिरून पाहिलं होतं.

"सर, एकच सांगा," अध्यक्ष म्हणाले. "मुलींच्या खेळण्यानं गवत खराब होते की नाही?"

"होते," सर म्हणाले. "कोपऱ्यातल्या खांबाभोवतीचा गोल डाग पोरींचा हाय. बाकी सगळे तुमचे. स्टेजखालचा तुमचा. तळणाचं तेल ओतलं तो तुमचा. जनरेटर ठेवता तिथला..."

"धन्यवाद सर, वेळ कमी आहे," अध्यक्ष म्हणाले आणि माइक काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. मृदातज्ज्ञांच्या मतानुसार मुलींच्या खेळामुळे हिरवळीचं नुकसान होत आहे, सबब मैदान खेळासाठी कायमचं बंद. खाली सरांचं नाव. चौकीदार बदलला. फाटकाला नवं कुलूप आलं.

मी त्यांना रस्त्यातच गाठलं. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलत होते, आणि ओरडूनच बोलले.

"काहून बोलले तुम्ही ते?"

"खरं हाय म्हणून."

"एक वाक्य कमी बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

"मंग बाकीच्या वाक्यांवर कोणी भरोसा ठेवला असता?"

"आता ठेवला का कोणी?"

मी निघून आले. मला त्यांना गप्प केल्याचा आनंद व्हायला हवा होता. तोही झाला नाही, इतकी मी चिडले होते.

त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. हातात फलकावरून ओरबाडून काढलेली सूचना, तिचे कोपरे टाचण्यांना फाटलेले. कुंड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. आईनं दिलेलं पाणी त्यांनी तसंच खाली ठेवलं.

"अर्धं छापलं यांनी," ते म्हणाले. "माझं नाव टाकून अर्धं छापलं."

"मागच्या वेळी पण अर्धंच ऐकलं होतं त्यांनी, सर. तुम्हाला तेव्हा राग नाही आला."

"तेव्हा नाही आला," ते म्हणाले. मग ती सूचना माझ्यापुढे ठेवून, "तुझं ते पत्रक काढते ना तू. त्याच्यात पूर्ण छाप."

आम्ही बसलो. मी लिहिलं: लाज वाटू द्या. त्यांनी खोडलं. मी लिहिलं: मुलींच्या स्वातंत्र्यावर नांगर. त्यांनी खोडलं. मी लिहिलं: मूठभर लोकांची मग्रुरी. ते म्हणाले, "किती लोक हायेत ते लिही, मूठभर काय?" मी खांबाभोवतीच्या डागाचं वाक्य गाळलं; त्यांनी ते परत घातलं.

"सर, हे वाक्य आपल्या विरोधात आहे!"

"ते काढशील तर माझं नाव पण काढ."

आई मधे पडली म्हणून कागद फाटला नाही. शेवटी जे उरलं ते असं होतं:

"या मैदानावर मुली खो-खो खेळत. आता येथे लग्नं होतात. गवत स्टेजखाली गेलं आहे, तळणाच्या तेलानं गेलं आहे, जनरेटरशेजारी गेलं आहे. कोपऱ्यातल्या खांबाभोवती ते मुलींच्या पायांनी गेलं आहे. मैदान मुलींना बंद केलं आहे. बाकीच्यांना उघडं आहे."

खाली त्यांचं नाव आणि माझं. मला त्यात आग दिसेना. तसंच छापलं, आणि चिडूनच छापलं.

गोल बाजारातल्या दुकानांत मी ते वाटलं. पाऱ्यात मुलींनी वाटलं. पण सरांनी ठरवलं होतं की जो गवतावर उभा राहणार त्यानं आधी वाचलं पाहिजे. म्हणून रविवारी सकाळच्या मुहूर्ताचं लग्न होतं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे राहिले, आणि अत्तर शिंपडणाऱ्या माणसाच्या शेजारी प्रत्येक पाहुण्याच्या हातात पत्रक देऊ लागले. पाहुण्यांना वाटलं मंगलाष्टकं असतील. घडी उघडून वाचत वाचत आत जात होते आणि आत गेल्यावर पायाखाली बघत होते. मी ते बघितलं. एकेक जण पाय उचलून बघत होता.

मुलीही आल्या होत्या. रविवार होता, कुठे जाणार? फाटकासमोरच्या डांबरी रस्त्यावर त्या ओळीनं खो-खोला बसल्या, एक या तोंडी, एक त्या तोंडी. तिकडून धुमालचे ढोल-ताशे वाजत नवऱ्याची गाडी आली आणि थांबली. धुमालवाले थांबले नाहीत. ते मुलींच्या खेळाला वाजवू लागले. नवरदेव गाडीच्या टपावरच्या उघड्या खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

फेटा बांधलेले अध्यक्ष धावत आले. "सर, हात जोडतो, आज नका. लोकांचं शुभकार्य आहे." आणि चौकीदाराला म्हणाले, "हटाओ इन लड़कियों को."

चौकीदार रेवतीकडे निघाला. ती तेव्हा पूर्ण वेगात होती. त्याला चुकवायला वळली आणि डांबरावर आपटली. उठली तेव्हा गुडघा सोलून रक्त पोटरीवर उतरलं होतं. वाद्यं बंद पडली.

सर तिच्याजवळ गेले, वाकले. लोकांच्या अंगणात ते जसे वाकत तसेच. गुडघ्यात रुतलेली खडी बघितली. मग उभे राहून अध्यक्षांना म्हणाले, "याच्यावर काय पेरसान आता?"

सगळे पाहुणे हातात पत्रक घेऊन बघत होते.

"चला गं," सर मुलींना म्हणाले. "इथं नाही खेळायचं. आत चला."

पाहुण्यांसाठी फाटक उघडंच होतं. चौकीदारानं अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी पाहुण्यांकडे, आणि तेवढ्यात सर आत शिरले होते. मुली त्यांच्या मागे, मी मुलींच्या मागे. मांडवाला वळसा घालून आम्ही कोपऱ्यातल्या त्या दिव्याच्या खांबाशी पोचलो. तिथे नुकतंच नवं बी टाकलं होतं. केसांसारखी बारीक हिरवी पाती वर आली होती. रेवती चप्पल काढून थांबली. पाय टाकेना.

"सर, दाग पड़ेगा इधर."

"हव, पडंल," सर म्हणाले. "अन् कोणी विचारलं तर तुमचाच हाय म्हणून सांगीन. आता पळ."